छातीच्या उंचीचा थ्रो

वेंटवर्थव्हिल, सिडनी
५ जुलै २०२०

चि. विराज यास,
आजोबांचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

काल फोनवर तुला धड बोलता आलं नाही आणि मला धड ऐकू आलं नाही, म्हणून लिहायला बसलो. चौतीस वर्षं रेल्वे मेलच्या डब्यात उभं राहून लोकांची पत्रं खणाखणांत टाकली, त्यामुळे महत्त्वाचं ते कागदावर, ही माझी खोड तुला ठाऊक आहे. तू सात वर्षांचा असताना तुम्ही नागपूर सोडलं तेव्हा तुझ्या बापाला मी एकच अट घातली होती, की हा पोट्टा मला मराठीत पत्र लिहील. अट तू पाळलीस. अमेरिकेतल्या बसमध्ये बसून लिहिलेली तुझी पत्रं माझ्या पेटीत आहेत. ऱ्हस्व-दीर्घाचा आनंदच आहे, पण आहेत.

तर अमेरिकेतला बेसबॉलचा अख्खा सीझन रद्द झाला. तू ज्या टीममध्ये होतास ती मोठ्या टीमच्या दोन पायऱ्या खाली, आणि यंदा एक पायरी चढायची होती, एवढं मला समजतं. अठराव्या वर्षी तुला त्या क्लबने उचललं, आता तेविसावं. खालच्या कितीतरी टीम ते कायमच्या बंद करणार असं पेपरात वाचलं. म्हणजे पुढच्या वर्षी खुर्च्या कमी आणि बसणारे जास्त. बाळा, मला बरं वाटावं म्हणून तू फोनवर हसत होतास ते कळलं मला. हसू नकोस. वाईट वाटतंय तर वाटू दे.

माझं म्हणशील तर मी कैदेत आहे. सहा आठवड्यांसाठी आलो होतो, तीन तुझ्या दीक्षाआत्याकडे आणि तीन तुमच्याकडे. तुमच्या वाट्याचे तीन राहिलेच, आणि आता तर मेलबर्नची हद्दच बंद होणार म्हणतात. तुझी आत्या दवाखान्यातून आली की दारातच कपडे बदलते आणि मला लांबूनच ओरडते की बाबा, दुकानात गेला होतात ना? पोरगी डॉक्टर झाली की बापाचा पेशंट होतो. मी गुपचूप कोपऱ्यावरच्या इंडियन दुकानात जातो, पिशवीभर शेंगदाणे आणतो आणि खोटं बोलतो.

आता कामाचं. हात आखडू देऊ नकोस. तुम्हा शॉर्टस्टॉपचं काम मला एवढंच समजतं, की दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभं राहायचं, जमिनीलगत आलेला चेंडू उचलायचा आणि पळणाऱ्याच्या आधी तो पार पलीकडे पहिल्या बेसवर पोचवायचा. आमचंही तेच होतं. चालत्या गाडीत गठ्ठा पंधरा फुटांवरच्या पिशवीत जायलाच हवा. समोर कुणी नाही म्हणून रडू नकोस, अजितला उभा कर. माझा मुलगा आहे तो, झेलेल. आणि एक सांगतो, बाप समोर आहे म्हणून हळू फेकू नकोस. हळू फेकायची सवय लागली की गेलास.

डोळे मिटण्याआधी तुला त्या मोठ्या मैदानात बघायचंय, एवढं एकच मागणं आहे. बाकी माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस, कारण आत्याने इथे वरण पातळ केलंच आहे.

तुझा आजोबा,
शिवराम


टार्निट, मेलबर्न
९ ऑगस्ट २०२०

आदरणीय आजोबांस,
स. जयभीम वि. वि. (बघा, विसरलो नाही.)

तुमचं पत्र यायला सोळा दिवस लागले. तुम्ही पोस्टात असतात तर लवकर आलं असतं असं आई म्हणाली.

इथे आता फुल लॉकडाऊन आहे. रात्री आठनंतर बाहेर पडायचं नाही, पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही, आणि एक्सरसाइजला दिवसाला एक तास. दोघांनीच जायचं आणि मास्क कम्पल्सरी. म्हणून तुमची ऑर्डर आम्ही फॉलो केलीय. बाबांची मॉर्निंग शिफ्ट संपली की रोज आर्व्होला, म्हणजे दुपारी, आम्ही आमच्या कॉलनीच्या मागच्या मैदानावर जातो. मी त्यांना फर्स्ट बेसचा मोठा ग्लव्ह दिलाय. पहिल्या दिवशी तो त्यांनी उलट्या हातात घातला होता.

आजोबा, बाबा चांगले आहेत या गेममध्ये! सीरियसली. ते माझ्या एकदम डावीकडे किंवा उजवीकडे बॉल जमिनीवरून टाकतात, मी पळत जाऊन उचलतो आणि थ्रो करतो. अडतीस मीटर. चांगला थ्रो म्हणजे फर्स्ट बेसवाल्याच्या छातीच्या उंचीवर, म्हणजे त्याला ग्लव्ह हलवावाच लागत नाही. बाबांनी त्याला नाव ठेवलंय ग्रीन सिग्नल. आणि ते बॉलवरून नजर हटवत नाहीत. मी म्हटलं की तुम्ही ब्लिंक पण करत नाही, तर म्हणाले की बारा वर्षं ट्रेन चालवतोय, ड्रायव्हरने नजर हलवली की संपलं. त्यांची ट्रेन हल्ली रिकामी असते. जीलाँगपर्यंत चार-पाच माणसं. तरी ते इस्त्रीचा शर्ट घालून जातात.

आई किचनमधला टायमर लावून आम्हाला सोडते. समोरच्या घरातल्या माणसाला परवा पोलिसांनी दंड केला, म्हणून ती घाबरलीये. एक तास झाला की फोन येतो की या आता, पोहे गार झाले.

तुम्हाला एक खरं सांगतो. माझी बॅटिंग अ‍ॅव्हरेज आहे. मी फार फास्ट पण नाही. क्लब मला ठेवतो तो माझ्या हातासाठी. आमचा इनफिल्डचा, म्हणजे बेसजवळच्या फील्डिंगचा, कोच एप्रिलमध्ये फोनवर म्हणाला की वरच्या टीममध्ये शॉर्टस्टॉपची जागा रिकामी होतेय आणि पुढच्या स्प्रिंगला ती तुझ्या आणि अजून एका मुलाच्या मधे आहे. त्याचे पाय माझ्यापेक्षा चांगले आहेत, आर्म माझा. म्हणजे जे काही आहे ते या थ्रोवर आहे. हळू फेकत नाही, प्रॉमिस.

तुम्ही शेंगदाणे कमी खा. आत्याला मी काही सांगितलेलं नाही, पण सांगू शकतो. तुमची माया आहे तशीच असू द्या.

तुमचा,
विराज


वेंटवर्थव्हिल
१३ सप्टेंबर २०२०

चि. विराज,
जयभीम आणि आशीर्वाद.

मागच्या पत्राला उत्तर पाठवून तीन आठवडे झाले, तुझी चिठ्ठी नाही. फोन केला की सुनबाई उचलते. अजित झोपलाय, अजित शिफ्टला आहे, अजितचा घसा बसलाय. परवा मी हट्ट धरला तेव्हा आला फोनवर, पण कॅमेरा बंद. नेट स्लो आहे म्हणे. आवाज असा, की कुणी अंगावरचं पांघरूण ओढून नेलंय. मी विचारलं की कोविड झालाय का, खरं सांग. नाही म्हणाला. दीक्षालाही विचारलं, तीही भाजी निवडत बसली.

मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे, बावळट नाही. काय झालंय?

खुशाली कळव. इथे लोभाचा साठा भरपूर आहे, फक्त उचलणारं कुणी नाही.

आजोबा


टार्निट
२४ सप्टेंबर २०२०

आदरणीय आजोबांस,
स. जयभीम वि. वि.

सॉरी, उशीर झाला. इथे सगळे ठीक आहेत. बाबांना एक्स्ट्रा शिफ्ट आहेत म्हणून ते दमलेले असतात. मी सध्या एकटाच प्रॅक्टिस करतो, गॅरेजच्या भिंतीवर. भिंत बरी असते. नो वरीज.

तब्येतीला जपा.

विराज


टार्निट
१ नोव्हेंबर २०२०

आदरणीय मामाजींस,
तुमच्या सुनेचा, सुलोचनाचा, सविनय जयभीम.

परवा लॉकडाऊन उठला. लोक रस्त्यावर हसत होते आणि मला हे तुमच्यापासून लपवणं आता होत नाही. ह्यांनी मला शपथ घातली होती, दीक्षाताईंनाही घातली होती. ती मी मोडतेय. माफ करा.

२७ ऑगस्टला मैदानावर विराजचा चेंडू ह्यांच्या उजव्या डोळ्यावर बसला. अ‍ॅम्ब्युलन्स आली तेव्हा मी धावत गेले. विराज गवतात गुडघ्यावर बसला होता आणि ह्यांचा निळा मास्क पार लाल झाला होता. हॉस्पिटलात आत कुणालाच सोडत नव्हते. मी सहा तास पार्किंगमध्ये गाडीत बसून होते, विराज मागच्या सीटवर. दोन ऑपरेशन झाली. डोळा जागेवर आहे, पण त्यातून फक्त उजेड-अंधार कळतो. मामाजी, एका डोळ्याच्या माणसाला ट्रेन चालवू देत नाहीत. ह्यांना डेपोत ऑफिसचं काम दिलंय. शर्टाला अजून रोज इस्त्री करतात.

ह्यांनी सगळ्यांना एकच सांगितलं, की थ्रो उंच गेला, चेहऱ्यावर आला, खेळात होतं असं. विराजला म्हणाले की तू मनावर घेऊ नकोस. पण तो मनावर घेणार नाही तर काय करेल? त्याने थ्रो जाताना पाहिलाच नव्हता. चेंडू लांब गेला होता, तो पळत गेला, वळून फेकता फेकता पडला, आणि वर बघतो तर बाप खाली. तेव्हापासून तो माणसाकडे चेंडू फेकत नाही. इथल्या क्लबने उन्हाळ्याच्या मॅचेसना बोलावलं, तर अमेरिकेतून परवानगी नाही असं खोटं सांगून मोकळा झाला. गॅरेजच्या भिंतीवर मात्र दिवसभर धप धप चालू असतं. मला तो आवाज आता ऐकवत नाही.

तुम्ही रागवाल म्हणून नाही लपवलं. तुम्ही स्वतःला बोल लावाल म्हणून लपवलं. तुमचं ते पत्र विराजने ग्लव्हच्या पिशवीत ठेवलंय. मी लिहिलंय हे दोघांनाही कळू देऊ नका.

तुमचा हात डोक्यावर आहे, तो काढू नका.

सुलोचना


वेंटवर्थव्हिल
१५ नोव्हेंबर २०२०

चि. अजित यास,
बाबांचा जयभीम.

कुणी सांगितलं ते विचारू नकोस. मला कळलंय.

हळू फेकू नकोस हे मी लिहिलं होतं. त्याचं काय करायचं ते माझं मी बघीन. आठ दिवस जेवण गेलं नाही. काल दीक्षा समोर बसून रडली, म्हणाली की बाबा, तुम्ही तरी असं करू नका, म्हणून चार घास खाल्ले. मला तुझ्याजवळ यायचंय रे. पण ही म्हणते लस येईपर्यंत विमान नाही. बापाला पोराचा डोळासुद्धा बघता येऊ नये, असले दिवस आलेत.

एक विचारतो. आमची मेल काही स्टेशनांवर थांबायची नाही. मी धावत्या डब्यातून पिशवी टाकायचो, फलाटावरचा पोर्टर झेलायचा. चौतीस वर्षांत एकच पोर्टर जखमी झाला, बडनेऱ्याला, आणि तो त्या वेळी चहावाल्याकडे बघत होता. उंच गेलेली पिशवी माणसाला दिसते, अजित. माणूस वाकतो, हात वर करतो, बाजूला होतो. तू तर नजर न हलवणारा माणूस. मग चेंडू डोळ्यावर बसला कसा?

मी शंका घेत नाही. बाप आहे म्हणून विचारतो. सवडीने लिही, पण लिही.

तुझा,
बाबा


हॉटेल क्वारंटाइन, मेलबर्न
११ जुलै २०२१

आदरणीय आजोबांस,
स. जयभीम वि. वि.

मी परत आलोय. खिडकी उघडत नाही, जेवण दाराबाहेर ठेवतात, अजून नऊ दिवस. कागद रिसेप्शनकडून मागून घेतला. तुम्हाला एप्रिलपासून लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. आता संपलंय, म्हणून सगळं सांगतो. आईने तुम्हाला बाबांच्या डोळ्याचं सांगितलंय हे मला माहितीये. तुमची पत्रं तेव्हापासून फार गोड यायला लागली.

मार्चमध्ये सरकारची परवानगी घेऊन गेलो तेव्हा मला वाटलं होतं की तिथे गेलो की होईल. नवीन मैदान, नवीन माणसं. पहिल्या दिवशी मी बॉल उचलला, हात एकदम बरोबर, पाय बरोबर, आणि थ्रो फर्स्ट बेसवाल्याच्या डोक्यावरून पंधरा फूट, स्टँडमध्ये. सगळे हसले. मीही हसलो. दुसरा पण तिथेच. तिसरा जमिनीत. पंधरा थ्रो केले, त्यातला एक त्याच्या ग्लव्हमध्ये गेला. मग कुणी हसलं नाही. आजोबा, ते हसणं थांबलं ना, ते फार वाईट होतं.

खेळाडूंमध्ये या गोष्टीला नाव आहे, पण ते कुणी मोठ्याने घेत नाही. जेवताना माझ्या टेबलावर कुणी बसत नव्हतं. मुलं वाईट नव्हती, घाबरत होती, हा रोग आपल्यालाही लागेल म्हणून. कोचने सगळं केलं. मला सेकंड बेसला हलवलं, तिथून थ्रो छोटा असतो. तोही जाईना. डॉक्टर झाले, सायकॉलॉजिस्ट झाली. तिने विचारलं की फेकताना काय दिसतं. मी सांगितलं की समोर कुणीही उभा असला तरी मला निळा मास्क दिसतो आणि हात सुटायच्या आधी आत कुणीतरी ओरडतं की वर जाईल. आणि वर जातो. माझा थ्रो एकदा वर गेलाच होता ना.

१९ मेला ऑफिसमध्ये बोलावलं. माणूस चांगला होता. म्हणाला की इतके सॉफ्ट हात त्याने दहा वर्षांत पाहिले नव्हते. मग कागद पुढे सरकवला. सहा वर्षं, आजोबा, आणि सही करायला दहा सेकंद लागली. त्यानंतर सात आठवडे विमानाचं तिकीट मिळत नव्हतं. एका टीममेटच्या सोफ्यावर झोपायचो आणि फ्लाइट कॅन्सलचे ईमेल वाचायचो.

काल बाबांचा फोन आला. मीच त्यांना म्हणालो की माझा थ्रो उंच गेला, त्यात तुमची काय चूक, तुमचा डोळा गेला, माझा फक्त गेम गेला. त्यांनी फोन ठेवून दिला. मी काही चुकीचं बोललो का?

तुम्हाला मोठ्या मैदानात बोलवायचं होतं. सॉरी. माझ्यावर माया ठेवा, मला सध्या ती लागेल.

विराज


टार्निट
१७ जुलै २०२१

ती. बाबांस,
अजितचा जयभीम.

तुम्ही नोव्हेंबरात विचारलंत, उत्तराला आठ महिने लावले. पत्र लिहायची सवय नाही आणि हे लिहायची हिंमत नव्हती. सुलोचनालाही माहीत नाही.

थ्रो उंच गेला नव्हता.

त्या दिवशी आमचा तास उलटून दहा-बारा मिनिटं झाली होती. सुलोचनाचा फोन मीच कट केला, कारण पोरगा रंगात होता आणि मलाही घरी जावंसं वाटत नव्हतं. दम लागला म्हणून मी मास्क हनुवटीखाली ओढला होता. मी त्याला लांबचा चेंडू टाकला, तो पळाला, आणि तेवढ्यात रस्त्यावर पोलिसांची गाडी हळू झाली. मी घाबरलो. खाली वाकून, मान घालून मास्क वर ओढायला लागलो. विराज फेकायच्या बेतात आहे हे मला माहीत होतं, तरी बघितलं गाडीकडे. मास्क नाकावर आला आणि चेंडू आला. बाबा, मी सरळ उभा असतो तर तो माझ्या छातीसमोर, ग्लव्हमध्ये येऊन पडला असता. इतका नेमका होता. माझंच डोकं त्याच्या वाटेत आलं. पोलिसांची गाडी थांबलीसुद्धा नाही.

अ‍ॅम्ब्युलन्सवाल्या बाईने विचारलं की काय झालं, आणि माझ्या तोंडून निघालं की थ्रो उंच आला. विराज शेजारीच होता. बारा वर्षांत मी एकदाही लाल सिग्नल ओलांडला नाही. डेपोत नवीन पोरांना माझं नाव सांगतात. अजितने नजर हलवली, एका मास्कसाठी, हे मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं. स्वतःलासुद्धा. मला वाटलं, याने लाखभर थ्रो केलेत, एक वाकडा गेला तर याचं काय बिघडतं? दोन दिवसांत विसरेल. मग हॉस्पिटलात तेच सांगितलं, डेपोच्या फॉर्मवर तेच लिहिलं, आणि प्रत्येक वेळी ते जास्त खरं होत गेलं. तो भिंतीवर चेंडू आपटायचा तेव्हा मी आत बसून ऐकायचो. उठून जावं आणि सांगावं असं रोज वाटायचं. मार्चमध्ये विमानतळावर ओठांपर्यंत आलं होतं. म्हटलं, तिथे जाऊन बरा होईल, आता कशाला.

गेल्या आठवड्यात फोनवर पोरगा मलाच समजावत होता. मी फोन ठेवून दिला.

तो मंगळवारी घरी येतोय. मी काय करू ते सांगा. सांगितलं तर मला तोंड दाखवायला जागा नाही, आणि न सांगण्यात आता वाचवायला काही उरलेलं नाही.

तुमचा,
अजित


वेंटवर्थव्हिल
२ ऑगस्ट २०२१

अजित,

तुझं पत्र आज मिळालं. सिडनीही आता कुलूपबंद आहे, वरून हेलिकॉप्टर फिरतं. माझे लशीचे दोन्ही डोस झाले आणि त्याच महिन्यात दारं बंद झाली, त्यामुळे मी येऊ शकत नाही. आलो असतो तर तुला कानाखाली वाजवून मग जवळ घेतलं असतं. कोणतं आधी, ते आल्यावर ठरलं असतं.

आमच्याकडे एक नियम होता. चुकीच्या खणात पडलेलं पत्र सापडलं, की ते त्याच पाळीत योग्य खणात टाकायचं. उद्यावर ठेवायचं नाही, कुणाची चूक ते मागून बघायचं. तू एक वर्ष हातात धरून बसलास. आता पुरे.

त्याला सांग. आणि पत्राने नको. जन्मभर पत्रांची हमाली केलेला माणूस तुला सांगतोय, की हे पत्राने नको. त्याच्यासमोर उभा राहा, तोंडाने सांग आणि तो जे बोलेल ते ऐकून घे. मान खाली घालू नकोस.

माझं तुझ्यावरचं प्रेम तिथल्या तिथे आहे. ते हललेलं नाही.

बाबा


टार्निट
५ सप्टेंबर २०२१

आदरणीय आजोबांस,
स. जयभीम वि. वि.

बाबांनी सांगितलं. मला वाटलं तुम्हाला मी लिहावं.

२७ ऑगस्टला, म्हणजे त्या गोष्टीला बरोबर वर्ष झालं त्या दिवशी, ते मला म्हणाले की मैदानावर चल. इथे परत लॉकडाऊन आहे, तोच मास्क, तेच पाच किलोमीटर, फक्त आता दोन तास देतात. ते जाऊन त्यांच्या जुन्या जागेवर उभे राहिले आणि तिथून सगळं सांगितलं. मास्क काढून सांगितलं. उजवा डोळा एका बाजूला बघत असतो, डावा माझ्याकडे होता आणि त्यांनी तो हलवला नाही.

मला आधी एकदम हलकं वाटलं. खरंच. दोन मिनिटं मी गवतात बसून हसत होतो. माझा थ्रो बरोबर होता! छातीच्या उंचीवर होता! पडता पडता, उलट्या हाताने उचलून, अडतीस मीटर. आणि मग मला ते स्टँडमध्ये गेलेले थ्रो आठवले, ते टेबल आठवलं, ती सही आठवली, आणि मी बाबांवर ओरडलो, आजोबा. मी त्यांना काय काय बोललो ते तुम्हाला लिहिणार नाही. इंग्लिशमध्ये बोललो. मैदानासमोरच्या घरांतले लोक खिडकीत आले. ते नुसते उभे राहिले. मी म्हणालो की तुम्हाला एक वाक्य बोलायचं होतं, एकच, आणि ते वर्षभर रोज बोलता आलं असतं. ते हो म्हणाले. फक्त हो. आठ दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. आईचं दोघांशीही बोलणं बंद होतं, वाढायची आणि आपलं ताट घेऊन आत जायची.

आज इथे फादर्स डे आहे. गिफ्ट वगैरे काही नाही. पण सकाळी उठल्यावर मला वाटलं की आता कळलंय ना, की थ्रो वर गेला नव्हता. मग आत जो ओरडतो तो खोटा आहे. म्हणजे हात आता सुटायला पाहिजे. अजून चोवीसचाच आहे मी, कुठला तरी क्लब ट्रायल देईल. मीच दोन्ही ग्लव्ह काढले. बाबांना म्हटलं, चला. त्यांनी बूट घालताना दोनदा लेस चुकीची बांधली.

ते उभे राहिले, छातीसमोर ग्लव्ह धरून, एकदम सरळ. मी फेकला. वर गेला, आजोबा. त्यांच्या डोक्यावरून, पार नाल्यात. दुसरा फेकला, तोही. तिसऱ्याला मी डोळे मिटले, तो जमिनीत. खरं काय ते मला कळलंय, पण हाताला कळत नाही. हाताने वर्षभर जे शिकायचं ते शिकून घेतलंय. मग मी जवळ गेलो, पाच पावलांवर, आणि खालून हळूच टाकला, लहान मुलाला टाकतात तसा. तो बरोबर गेला. पण एका डोळ्याने अंतर कळत नाही, त्यांनी ग्लव्ह उशिरा मिटला आणि बॉल त्यांच्या बुटावर पडला. परत टाकला, परत पडला. ते सॉरी म्हणाले. ते सॉरी मला ऐकवलं नाही.

मी विचार करत होतो की माझ्या आयुष्यातला शेवटचा चांगला थ्रो कुठला. तोच होता. तो मी पाहिला नाही, आणि ज्याने झेलायचा त्यानेही नाही.

शेवटी मी बॉल उचलला, चालत त्यांच्यापर्यंत गेलो आणि त्यांच्या ग्लव्हमध्ये ठेवला. त्यांनी ग्लव्ह मिटून घेतला आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला. आईचा फोन येईपर्यंत आम्ही तसेच उभे होतो. पोहे गार झाले होते.

तुमचं जुलैचं ते पत्र ग्लव्हच्या पिशवीत होतं, ते मी काढून ड्रॉवरमध्ये ठेवलंय. त्यात तुमची काही चूक नव्हती. मी हळू फेकत नव्हतो, आणि थ्रो बरोबर होता. हे मी तुम्हाला लिहून देतोय, कारण महत्त्वाचं ते कागदावर. हद्द उघडली की राहिलेले तीन आठवडे इकडे या. तोपर्यंत माया पाठवत राहा, बाबांनाही पाठवा, वेगळ्या पाकिटात.

तुमचा,
विराज